उजवीकडचं हृदय आणि विलायतेचे परीक्षक

पांढरकवड्याच्या तहसील कचेरीसमोर, टिनाच्या शेडखाली, मी उभी हयात इंग्रजी टाइपरायटर बडवण्यात घालवली. उभी हयात आपलं म्हणायचं, घालवली मात्र बसून. लोक विचारतात, सगळ्यांत कठीण अर्ज कोणता टाइप केलात? वारसाचे, फेरफाराचे, बंदुकीच्या परवान्याचे अर्ज मी झोपेतही केले असते. कठीण गेला तो अर्जच नव्हता. एका माणसाचं हृदय उजवीकडे आहे, एवढंच त्या कागदांत म्हणायचं होतं आणि तेवढं म्हणता म्हणता वर्ष-सव्वा वर्ष निघून गेलं. तेव्हा मला त्यातलं निम्मं समजलं नव्हतं. वय झाल्यावर समजेल असं वाटलं होतं, तेही काही झालं नाही.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा म्हणजे नुसतं बोटं आपटणं वाटतो. तसं नाही. अर्जाला एक चाल असते. आधी अर्जदार कोण ते येतं: नाव, वय, धंदा, राहणार. मग काय घडलं, मग काय पाहिजे, आणि शेवटी साहेबाच्या भरभराटीसाठी अर्जदार सदैव प्रार्थना करील हे वाक्य. ते वाक्य नसेल तर गिऱ्हाइकाला पैसे वाया गेल्यासारखं वाटायचं. हैदराबाद रोडवरच्या एका ट्रकमालकाने माझ्याकडून अख्खा अर्ज मोठ्या अक्षरांत करून घेतला होता, कारण काय, तर साहेब कानाने कमी ऐकतात. शेताला शेत लागून असलेले मुकुटबनचे दोघे बांधभाऊ एकमेकांविरुद्ध अर्ज करायला एकाच बाकावर येऊन बसायचे, आणि सही करायला एक जण दुसऱ्याचा पेन मागायचा. अशी माणसं मला समजत. भांडण कशावरून आहे ते कळलं की अर्ज आपोआप लिहिला जातो.

डॉक्टर सबनीसांचं प्रकरण वेगळं. ते आमच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. त्याआधी एका मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवायला होते, म्हणजे मुडद्यांच्या टेबलाशी उभं राहून पोरांना शिरा आणि स्नायू दाखवायचे. जागा तात्पुरती होती, ती गेली आणि ते इकडे येऊन पडले. परत जायची ओढ मात्र सुटली नव्हती. कॉलेजात कायमची जागा निघणार होती, आणि त्या जागेसाठी नावावर छापून आलेला शोधनिबंध लागत होता. त्यांच्या नावावर एकही नव्हता. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. गावात इंग्रजी टाइपरायटर माझा एकट्याचा, तेव्हा माझ्यापासून लपवून तरी काय करणार होते?

निबंधाचा विषय दौलत होता. दौलत इथल्या जिनिंगमध्ये रुईचे बोजे उचलायचा. खोकला झाला म्हणून दवाखान्यात गेला, डॉक्टरांनी छातीला नळी लावली तर डाव्या बाजूला काहीच ऐकू येईना. डॉक्टर घाबरले, आणि समोर धडधाकट माणूस उघड्या अंगाने उभा. नळी उजवीकडे नेली तर ठोके अगदी खणखणीत. दौलतला यात काही नवल वाटलं नाही. त्याची आई लहानपणी त्याच्या छातीवर हात ठेवून निजायची, तिला ठाऊक होतं. डॉक्टर त्याला ट्रकात बसवून नागपूरला घेऊन गेले आणि एक्स-रे काढून आणला. पोटातलं सगळं जागच्या जागी, हृदय तेवढं उजवीकडे. डॉक्टर म्हणाले, सगळंच उलटं असलेली माणसं कधीमधी सापडतात, पण एकटं हृदय बाजू बदलून बसलेलं फार दुर्मीळ. मी मान डोलवली.

लेख जाणार होता विलायतेच्या एका त्रैमासिकाकडे. तिथली रीत डॉक्टरांनी मला समजावली आणि तिथपासून माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. लेख पाठवला की छापत नाहीत. संपादक तो दोन जाणकारांकडे तपासायला देतात. ते जाणकार कोण, हे आपल्याला कळू देत नाहीत. ते चुका काढतात, आपण दुरुस्त करून परत पाठवायचं, ते पुन्हा चुका काढतात. बरं, छापून आलं तर पैसे? पैसे नाहीत. तारीख? तारीख नाही. वकील देता येतो का, असंही मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ही कचेरी नव्हे, इथे बरोबरीची माणसं बरोबरीच्या माणसाचं काम तपासतात. बरोबरीची असतील तर तोंड काहून लपवतात, असं माझ्या मनात आलं. पण गिऱ्हाईक डॉक्टर होते.

कागदाच्या एकाच बाजूला टाइप करायचं, दोन ओळींत दुप्पट अंतर सोडायचं, चित्रं वेगळी, चित्रांखालच्या ओळी वेगळ्या कागदावर, आधीच्या विद्वानांची नावं शेवटी आडनावांच्या क्रमाने लावायची. एवढ्या मोकळ्या जागेत मी दोन अर्ज बसवले असते. शिवाय डावं-उजवं. चित्रात जे माझ्या डाव्या हाताला दिसतं त्याला डॉक्टर उजवं म्हणायचे, कारण चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो आणि बाजू त्याची धरायची असते. तीनदा समजावून झाल्यावर त्यांनी मला खुर्चीवरून उठवून स्वतःसमोर उभं केलं आणि माझा हात माझ्याच छातीवर ठेवला. शेडमधले लोक बघत होते. मला वाटलं, आता माझंही हृदय भलतीकडे निघतं की काय!

पहिलं पान टाइप करत होतो तेव्हा दौलत आला. आपलं काळीज विलायतेत छापणार हे त्याच्या कानावर गेलं होतं, आणि काय लिहिलंय ते त्याला ऐकायचं होतं. डॉक्टर बाजूला बसले होते, त्यांची हरकत नव्हती. मी पहिलं वाक्य मराठीत सांगितलं. त्यात वय होतं, धंदा होता, जिल्हा होता आणि जात होती. त्या काळी असल्या लेखांत माणसाची जात किंवा वंश लिहायची पद्धत होती, आणि डॉक्टरांनी दवाखान्याच्या नोंदीत होती ती उतरवली होती. दौलत बाकावर बसलेला उठून उभा राहिला.

"ते खोडा जी," तो म्हणाला. "म्या नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. मी बौद्ध हाये. जिनातल्या हजेरीवर अजून जुनंच चालून राह्यलं, तिथं माहं कोनी आयकत नाई. पन हे त माह्याच काळजाचं लिहून राह्यले ना तुमी?"

डॉक्टर लगेच म्हणाले, खोडा. त्यांच्या लेखी तो एक शब्द होता, आणि माझ्याही. मी नवीन कागद चढवला, जातीच्या जागी 'बुद्धिस्ट' टाइप केलं आणि ते दौलतला बोट लावून दाखवलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी त्याने तो शब्द बराच वेळ पाहिला. जुनी जात कोणती होती ते मी इथेही लिहीत नाही.

सोबतचं पत्र मी आपल्या सवयीने केलं आणि शेवटी अर्जदार सदैव प्रार्थना करील हे वाक्य बसवून दिलं. डॉक्टरांनी न वाचता सही केली. संपादकांची पोच आली तिच्यात छापील मजकुराखाली हाताने लिहिलं होतं की प्रार्थनेची आवश्यकता नाही, फक्त समास थोडा रुंद सोडावा. डॉक्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग सगळा पावसाळा गेला. कापूस फुटला, जिनिंग सुरू झालं, तेव्हा कुठे परीक्षकांची मतं आली. पहिल्या परीक्षकाला लेख आवडला होता. दुसऱ्याने आम्हाला पेचात टाकलं. त्याचं म्हणणं असं की हा माणूस बौद्ध आहे ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, तेव्हा तो ब्रह्मदेशी आहे, तिबेटी आहे की सिंहली, ते लेखकाने स्पष्ट करावं. मंगोल वंशात हृदयाचा असा प्रकार आढळला असेल तर त्याचं मोल वेगळं. सोबत डोक्याची मापं द्यावीत.

मी ते दोनदा वाचून दाखवलं. डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले. विचारलंय तर उत्तर द्यायला हवं, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी सुताराकडून लाकडाची जाडी मोजायचा चिमटा मागवला, पट्टी घेतली आणि दौलतला दवाखान्याच्या ओसरीवर बसवून त्याचं डोकं मोजायला घेतलं. मी आकडे टिपून घेत होतो. दौलत मान स्थिर धरून बसला होता, पण तोंड गप्प नव्हतं.

"काळीज छातीत हाये ना डाक्टरसाब? मंग डोकस्क कायले मोजून राह्यले?"

डॉक्टरांनी मला पुढचा आकडा सांगितला. मी तो टिपला. आकडे गेले, सोबत खुलासाही गेला की हा इसम यवतमाळ जिल्ह्यातला, त्याचे आईबाप, आजे-पणजे याच मातीतले, त्याने अलीकडे बौद्ध धर्म स्वीकारला. मला वाटलं, प्रकरण मिटलं. आपल्याकडे कोणत्याही बाबूला एवढा खुलासा पुरला असता.

दुसरं उत्तर उन्हाळ्याच्या तोंडावर आलं, आणि कॉलेजातली ती जागाही तेव्हाच जाहीर झाली. परीक्षक आता जरा रागावला होता. इसम स्थानिक असेल तर बौद्ध हा शब्द चुकीचा किंवा दिशाभूल करणारा ठरतो, असं त्याने लिहिलं. रिवाजाप्रमाणे समाज नोंदवावा, म्हणजे इतरांच्या नोंदींशी ताडता येईल. पुढे एक वाक्य होतं ते टाइप करायचं नव्हतं म्हणून बरं: ज्या लेखकाला आपल्या समोरचा माणूस कोण हेच नक्की सांगता येत नाही, त्याने एक्स-रेची काच तरी सुलटी धरली होती का, अशी शंका येते. संपादकांनी खाली जोडलं होतं की एवढी दुरुस्ती झाली तर लेख पुढच्या अंकात घेऊ, नाहीतर परत करावा लागेल.

डॉक्टर शेडमध्ये येऊन बसले. उन्हाने टिन कडकड वाजत होतं. ते म्हणाले, एका शब्दाचा प्रश्न आहे. जुना शब्द घालावा, किंवा नुसतं मजूर लिहावं, जात नाही आणि धर्म नाही, कुणाचंच काही बिघडत नाही. मला तो तोडगा झकास वाटला. दौलतच्या हातात तो अंक कधी पडणार होता? पण डॉक्टर उठले आणि म्हणाले, त्याला विचारून येऊ. मला का नेलं ते ठाऊक नाही. एकटं जायचा धीर होत नसावा.

जिनिंगच्या आवारात जेवणाची सुटी होती. दौलतच्या भुवया रुईने पांढऱ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं, अगदी स्वतःच्या नोकरीचंही, काही राखून ठेवलं नाही. दौलतने भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली.

"नुसता मजूर लिहतो म्हनता," तो म्हणाला. "म्हंजे जुनं लिहाची तुमाले लाज वाटते आन् नवं लिहाची त्याहीले अडचन. मंग माह्या नावचं काय उरलं?"

डॉक्टर म्हणाले, "दौलत, मी मानतो रे तू बौद्ध आहेस. त्यांना पुरावा पाहिजे."

"काळजाचा तुमी फोटो काढला. ते लोकं फोटो पाहून मानतीन. याचा फोटो निघत नाई, साहेब. म्या सांगतलं आन् तुमी लिहलं, एवढंच हाये ते." फडक्याला गाठ मारत तो म्हणाला, "तुमचं नुकसान होत असन त लेख वापस घ्या. माहं काळीज कुठं पळून नाई जात. पन लिहसान त तेच लिहा."

शेडमध्ये आल्यावर मी कागद चढवला आणि वाट पाहत बसलो. त्या घटकेला मला खरंच कळत नव्हतं की मला त्यांच्या तोंडून काय ऐकायचंय. डॉक्टरांची जागा जावी असं वाटत नव्हतं. दौलतचा शब्द पुसावा असंही वाटत नव्हतं. मघाशी झकास वाटलेला तोडगा आता नकोसा झाला होता, आणि दुसरा कोणता सुचत नव्हता. अखेर डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली. इसम बौद्ध आहे. तो याच जिल्ह्याचा रहिवासी आहे. लेखकाला या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही, आणि त्याच्या हृदयाच्या जागेविषयी जितकी खात्री आहे तितकीच याविषयी आहे. मी टाइप केलं. एकही अक्षर खोडावं लागलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

लेख परत आला. संपादकांना खेद होता. इतक्या वर्षांत आमच्याकडे साहेबाला खेद झाल्याचं मी पाहिलं नव्हतं, खेद नेहमी अर्जदाराला व्हायचा. कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सबनीस पुढे बदलीवर ढाणकीच्या बाजूला गेले, आणखी तालुके फिरले, कॉलेजात परत गेलेच नाहीत. एकदा मी त्यांना विचारलं होतं, दौलतचा राग येतो का. ते म्हणाले, "राग कुणाचा यायला हवा, हेच माझं ठरत नाही. परीक्षकाचा म्हणावा, तर त्याने पाहिलंय तरी काय? आणि माझा म्हणावा, तर मी चुकलो कुठे?" मला त्यांचं फार वाईट वाटलं. अजून वाटतं. चांगला शिक्षक आमच्या दवाखान्यांत खोकल्याची औषधं देण्यात संपला.

पण ते सगळं पुढचं. लेख परत आला त्याच वर्षी, शाळा उघडायच्या दिवसांत, दौलत माझ्याकडे आला आणि त्या लेखाची एक नक्कल मागू लागला. कार्बनच्या प्रती माझ्याकडे पडूनच होत्या. मी डॉक्टरांना विचारून एक दिली. कायले पाहिजे ते त्याने सांगितलं नाही. दुपारी शाळेचा चपराशी मला बोलवायला आला.

हेडमास्तर माझ्या ओळखीचे, आमच्यासारख्याच कारकुनी घरातले, नियमाचे पक्के. दौलत आपल्या मुलीला, सुजाताला, पहिलीत घालायला आला होता. रजिस्टरात तिचा धर्म बौद्ध लिहा म्हणत होता, आणि हेडमास्तर म्हणत होते की कागद आण. जुनी जात लिहिली तर सवलत मिळेल, नवं लिहिलं तर मिळेल की नाही सांगता येत नाही, हेही त्यांनी त्याला भलेपणाने समजावलं होतं. तेव्हा दौलतने हा कागद आणून टेबलावर ठेवला होता. शिरा, धमन्या आणि बरगड्यांनी भरलेलं ते इंग्रजी हेडमास्तरांना झेपलं नव्हतं, म्हणून मला बोलावणं.

मी त्यांना पहिलं वाक्य वाचून दाखवलं, 'बुद्धिस्ट' शब्दावर बोट ठेवलं, आणि शेवटचा खुलासाही वाचला. त्यांनी विचारलं, हे सरकारी आहे का? मी म्हटलं, शास्त्रीय आहे, विलायतेला परीक्षकांकडे गेलं होतं.

"मग पास झालं?"

दौलत माझ्याकडे बघत होता. खोटं बोलायची सोय नव्हती. मी सांगितलं की नाही झालं, इथला माणूस बौद्ध कसा असेल हे परीक्षकांना शेवटपर्यंत समजलं नाही.

हेडमास्तर एकदम ताठ झाले. "त्यात न समजण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले. "आपल्या जिल्ह्यातला माणूस आहे, त्यांना तिथे बसून काय समजणार?" घटकाभरापूर्वी ह्याच गृहस्थांनी कागद मागितला होता. मी मान डोलवली. चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार?

त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, टाक उचलला, आणि पुन्हा थांबले. कागदाकडे पाहिलं, मग दाराशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"हिचंही हृदय उजवीकडेच आहे का रे?"

"नाई गुरुजी, तिचं डावीकडंच हाये," दौलत म्हणाला. "पन ते बी बौद्धच हाये."

हेडमास्तरांनी टाक दौतीत बुडवला. रजिस्टर माझ्या बाजूने उलटं होतं, तरी त्यांनी लिहिलेला 'बौद्ध' हा शब्द मला नीट वाचता आला.